खालच्या मापापासून

डिलन, मोंटाना
१२ जानेवारी १९७१

चि. आर्डिस हिला डेलमरदादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू आणि लाइल बर्फातून धड घरी पोचलात हे बाबांकडून कळलं. मला फोन केला नाहीस, बरोबरच आहे. नाताळात मी तुझ्याशी नीट बोललो कुठे! आता स्पष्टच लिहितो. बाबांनी आपली रायफल तुझ्या मांडीवर ठेवली तेव्हा मी बटाटे वाढून घेत होतो, ते तसेच ताटात राहिले. बाबांच्या छपरावरचा बर्फ कोण उपसतो? मी. तळघरात त्यांच्या शेजारी बसून काडतुसं भरायला कोण शिकलं? मी. आणि रायफल गेली डोंगरापलीकडे, जावयाच्या घरात. माझा नुसता जळफळाट होतोय आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही.

तू म्हणे स्वतः काडतुसं भरणार आहेस. अगं, तुझ्या केकमध्ये मीठ दोनदा पडतं, तू बंदुकीची दारू काय मोजणार? बाबा एका काडतुसात किती दारू घालतात ते माप मला विचारू नकोस, मिळणार नाही. मीही तशीच थर्टी-ओ-सिक्स रायफल घेतली आहे, नवी कोरी. या शरदात शिकारीला एल्क हरीण कोण लांबून पाडतं ते बघूच.

लाइलला नमस्कार. राग आहे, माया आटलेली नाही, एवढं ध्यानात असू दे.

तुझा,
डेलमरदादा


सॅमन, आयडाहो
३ मार्च

ती. डेलमरदादास आर्डिसचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र लाइलला वाचून दाखवलं. केकचा भाग त्यानं पुन्हा वाचायला लावला, मेल्यानं.

हेवा काय तुला एकट्यालाच येतो? तुम्ही दोघं तळघरात बसायचात, खालून हसण्याचे आवाज यायचे, आणि मी आईबरोबर वर भांडी विसळत असायची. दार जरा ढकललं की बाबा ओरडायचे, वारा येतोय, दारूच्या तराजूचा काटा हलतोय, दार लाव. त्या दाराचा मला अजून राग आहे. तुला सगळ्या संध्याकाळी मिळाल्या, दादा. मला एक रायफल मिळाली तर तुझ्या पोटात दुखावं?

आणि बाबांचं माप मला नकोच. एका बंदुकीला जे पचतं ते दुसरीला पचेलच असं नाही, हे त्यांनीच बजावलंय. मी पुस्तकातल्या सगळ्यात खालच्या मापापासून सुरुवात केली आहे. थोडीशी दारू भरते, झाडते, रिकाम्या पुंगळ्या उजेडात धरून बघते. बुडाची टोपी दाबानं चपटी झाली नसेल आणि बोल्टचा दांडा हलका उचलला गेला, तरच पुढची पायरी. लाइल म्हणतो, एवढ्या वेळात त्याचं कुंपण घालून झालं असतं.

सोबत नेमबाजीचा पिवळ्या काचांचा चष्मा पाठवते आहे. झाडताना लावत जा. बाबांना माझा नमस्कार सांग आणि रागाच्या भरात का होईना, मला विसरू नकोस.

तुझी,
आर्डिस


डिलन
१८ एप्रिल

चि. आर्डिसला अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू अजून पायऱ्याच चढते आहेस का? मी माडीवर पोचलो! पुस्तकातलं शेवटचं माप मागे टाकलं. अजून बोटं गोठतात एवढी थंडी आहे, पण बोल्ट लोण्यासारखा चालतो. पुस्तकं लिहिणारे सगळे वकिलांना घाबरून मापं कमी लिहितात. माझी गोळी बाबांच्या गोळीपेक्षा वेगानं जाते, मग तुझ्या गोळीची काय कथा. डबेच्या डबे भरून ठेवलेत.

हे सगळं बाबांना उत्साहानं सांगितलं, तर म्हणाले, बरं. आणि लगेच विचारलं, आर्डिस कुठवर आली? मी त्यांच्या समोर बसलेला असताना! गुडघे दुखतात म्हणून माझ्याबरोबर खडीच्या खाणीत नेम बघायलाही येत नाहीत. तू बोलावलंस तर तुझ्याकडे डोंगर ओलांडून चालत येतील.

चष्मा पोचला. लावला तर माझ्या मुली म्हणाल्या, बेडूक. ट्रकमध्ये पडून आहे.

माझ्या कुजकेपणासकट मला आपला समज.

डेलमरदादा


सॅमन
१५ जुलै

ती. दादास सा. न. वि. वि.

आज थट्टा नाही. गुरांच्या लिलावात लाइल तुला भेटला, तेव्हा तू त्याला खाणीत नेऊन नेमबाजी दाखवलीस ना? त्यानं घरी येऊन सहज सांगितलं की तुझा बोल्ट उघडेना, तू सरपणाच्या ढलप्यानं ठोकून उघडलास आणि धुळीला शिव्या घातल्यास. दादा, ती धूळ नव्हे, दारूचा जास्तीचा दाब आहे. हे तूच मला शिकवायला हवं होतंस. थंडीत जमलेल्या मापाचा दाब उन्हात चढतो. तुझे ते डबे एप्रिलच्या गारठ्यातले आहेत. सगळी काडतुसं उघड, दारू काढून टाक.

माझ्या टोप्या एका पायरीवर चपट्या दिसायला लागल्या, तेव्हा मी दोन पायऱ्या उतरले. आता कॉफीच्या कपाखाली झाकतील एवढ्या जागेत सगळ्या गोळ्या लागतात. तुझ्यापेक्षा हळू जातात, जाऊ देत. मला हरवायचंय ना? मग एल्कच्या जवळ जा आणि हरव. डोळा गमावून जिंकलास तर मी तुझं अभिनंदन करायची नाही.

चष्मा लाव. माझ्यासाठी म्हणून लाव.

काळजीत,
आर्डिस


डिलन
९ सप्टेंबर

चि. आर्डिसला अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर सांगायचा धीर झाला नाही. तुझं पत्र वाचून मी चिडलो होतो, काडतुसं उघडली नाहीत. सोमवारी सुट्टी होती, मित्रांना माझा वेग दाखवायला खाणीत गेलो. डबा सकाळपासून ट्रकच्या काचेमागे उन्हात तापत होता, त्याच्याशेजारी तुझा चष्मा. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून लावला. तुझ्यासाठी नाही लावला, खोटं कशाला बोलू.

पुंगळी बुडाशी फाटली. आगीचा झोत मागे तोंडावर आला. भुवया गेल्या, गालात पितळेचे कण घुसले, चष्म्याच्या दोन्ही काचा टोचून टोचून आंधळ्या झाल्या. डोळे शाबूत आहेत. रायफल भंगारात.

बाबांनी स्वयंपाकघरात बसवून चिमट्यानं कण काढले. दुसऱ्या कुणाला हात लावू देईनात. तेव्हा मी एकदाचं विचारलं, रायफल तिलाच का? ते चिमटा पुसत म्हणाले की नाताळच्या आदल्या दिवशी आर्डिसनं विचारलं, सुरुवात कुठून करायची. आणि डेलमर, तू इतकी वर्षं माझ्या शेजारी बसलास, पण दरवेळी विचारलंस, कुठवर जाता येतं. मग म्हणाले, तुला ती देऊन मला तुझ्या मौतीला यायचं नव्हतं.

आज सगळी काडतुसं उघडली. दारू बाबांच्या सांगण्यावरून खत म्हणून गुलाबांच्या मुळाशी पसरली. हेवा काही गेलेला नाही, बाई. तुझ्या गोळीनं एल्क पडला की पुन्हा उफाळेल. पण हंगामाआधी ये. तळघरात तुझ्यासाठी खुर्ची नेऊन ठेवली आहे आणि दार मी बिजागरीवरून काढून टाकलंय. पुढच्या वर्षी नवी रायफल घेईन. तिच्यासाठी तुझ्याशेजारी बसून एकच विचारायचं आहे. सुरुवात कुठून करायची?

चष्म्याबद्दल जन्मभर ऋणी,
तुझा,
डेलमरदादा