अण्णांचा फॉन्ट

अण्णा, नवा लॅपटॉप घेतलाय. मॅक. तुम्ही असतात तर चष्मा नाकावर सरकवून आधी विचारलं असतंत, "मराठी नीट उमटतं का त्यात?" उमटतं हो, छान उमटतं. तुमचं तेवढं उमटत नाही, तुमचा जुना फॉन्ट यात बसतच नाही. तुमची फाइल उघडली की पडद्यावर डोक्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं सांडतात. ऑफिसातली पोरं केव्हाची मागे लागली होती, "मॅडम, ते विंडोज सोडा, तो जुना फॉन्ट सोडा, सगळं युनिकोड झालंय." मी दाद देत नव्हते. पण पुस्तकांची सगळी मांडणी मॅकवरच व्हायला लागली, आणि न बदलता काम कोण देणार? शिवाय जुन्याचा पंखा मिक्सरसारखा घरघरतो आणि बॅटरी मेलेली. संध्याकाळी दुकानवाला तो एक्स्चेंजमध्ये घेऊन जाईल. चारला लोडशेडिंग आहे. तोवर तो चालू, आणि तोवरच मला तुमचं लिहिलेलं वाचता येणार आहे.

तुमचं लिहिलेलं म्हणजे ती चाचणीची फाइल. आधी प्रेसमध्ये खिळे जुळवलेत, पन्नाशी उलटल्यावर कॉम्प्युटर शिकलात, आणि दोन्हीकडे पत्रिका करून लोकांचीच लग्नं लावलीत. रविवार कारंजावरच्या आपल्या चिंचोळ्या दुकानात सकाळी मशीन सुरू केलं की फॉन्ट धड आहे ना, हे बघायला तुम्ही एक ओळ टाइप करायचात. मनात येईल ती. "आज वरण पातळ." "गंगेला पूर, गिऱ्हाईक नाही." "हिचा उपास, चहा मलाच करावा लागला." रोजची एक, कालच्या खाली. बाकी सगळं चि. आणि सौ. कां. यांचं. स्वतःचं असं तुम्ही एवढंच लिहिलंत.

ही टोपीवाली अक्षरं मी आधी एकदा पाहिली आहेत, आठवतंय? मी कॉलेजात आहे, निफाडच्या एका बागायतदाराच्या मुलीची पत्रिका फ्लॉपीवर घेऊन सायकलवरून छापखान्यात गेलेय. तिथल्या मशीनवर उघडली तर हेच. बागायतदार शेजारी उभे. "ओ ताई, ही काय इंग्लिश पत्रिका केली का काय? लोकं लय हसतील ना आम्हाला!" मी रडकुंडीला आलेली. तेवढ्यात तुम्ही धापा टाकत दारात, हातात दुसरी फ्लॉपी. "अगं बये, वऱ्हाड आणलंस आणि नवरदेव घरीच ठेवलास! फॉन्ट कोण आणणार?" सगळे हसले. बागायतदारही हसले. मला मात्र तुमचा असा राग आला होता की घरापर्यंत मी सायकल एकटीच पुढे दामटली.

आता फॉन्ट घेऊन धावत कोण येणार? लॅपटॉपच्या दुकानातला मुलगा म्हणतो, कन्व्हर्टर मारा. मारून बघितला. रफार उडाले, जोडाक्षरं तुटली, "वरण"चं भलतंच काहीतरी झालं. मग म्हणे, स्क्रीनचे फोटो काढून ठेवा. फोटो काय, तुमचाही आहे भिंतीवर, हार घातलेला. तुम्ही गेलात, मागोमाग दुकान गेलं, मशीन भंगारात गेलं, तेव्हा ही फाइल मी कशीबशी वाचवली होती. अण्णा, मला हे मुळीच आवडलेलं नाही. उरलंसुरलं दुसऱ्यांदा पोचवल्यासारखं वाटतंय.

म्हणून गेले पंधरा दिवस दोन्ही लॅपटॉप शेजारी ठेवून बसतेय. जुन्यावर वाचायचं, नव्यावर टाइप करायचं. पण माझी बोटं तुमची. तुम्ही टाइपरायटरच्या की-बोर्डवर शिकवलंत आणि हातांवर तुमचा पंचा टाकलात. "बघायचं नाही. बघून काय, कोणीही करेल. बोटांना घर माहीत पाहिजे." मी पंचा उचलून डोकावले की डोक्यात टपली. ती मांडणी या नव्यात नाही. इथे क हवा तर के दाबायचा, मराठीचं स्पेलिंग केल्यासारखं. इतकी वर्षं या बोटांवर घर चालवलं, आणि आता ती आंधळ्यासारखी चाचपडतात. तरी तुमच्या ओळी एकेक करून उतरवल्या. शेवटची ओळ, तुम्हाला दवाखान्यात नेलं त्या सकाळची, राहिली होती. मला ती पाठ आहे, तरी उघडून वाचली. "पोरगी आता न बघता टाइप करते."

चार वाजत आले. हे पत्र मी जुन्यावरच लिहितेय, तुमच्या फॉन्टमध्ये, शेवटचं म्हणून. सेव्ह करणार नाही, लाइट गेली की हेही जाईल. पाठवायचं तरी कुठे होतं म्हणा! ती शेवटची ओळ मघाशीच नव्यावर उतरवून झाली. अण्णा, एकेक अक्षर शोधत केली. बघून.