मुनीनं सॅल्यूट केला नाही

४ फेब्रुवारी

खांद्यावर एक आणि दोन तारे मिरवणाऱ्या माझ्या बांधवांनो! आपला हात रोज कपाळाला जातो, आणि समोरचा हात खिशातून बाहेर येत नाही. हे तुम्ही पाहिलंय, मीही पाहिलंय!

शनिवारच्या मेसमधल्या वादसभेसाठी ही सुरुवात. आरशासमोर म्हणून पाहिली. पलीकडच्या खाटेवरून मुनी म्हणाला, "भोंग्या, टाळ्या पडतील. पण मेजरसाहेब पहिल्या रांगेत असतील. तुझं बोलणं संपेपर्यंत तुझी खाट बाहेर गेलेली असेल."

नियम साधा आहे. धाकट्यानं आधी करायचा, थोरल्यानं परत करायचा. पहिलं अर्धं विसरलं तर शिक्षा. दुसरं अर्धं विसरलं तर — साहेब घाईत होते! एकाच काठावर बांधलेल्या पुलाला पूल म्हणत नाहीत. (हे वाक्य ठेवायचं.)

७ फेब्रुवारी

टाळ्या पडल्या. मेजरसाहेबही हसले. "तोंड चांगलं चालतं तुमचं. उद्यापासून पायही चालवू." म्हणजे जादा परेड. मंजूर!

११ फेब्रुवारी

आज मुनीनं कमाल केली.

ऑफिसच्या जिन्यापाशी, कडेला, मेजरसाहेब उभे. मुनी त्यांना जवळजवळ घासून गेला. हात वर नाही, मान वळली नाही. सगळं अंगण गार! मागून आवाज आला, "लेफ्टनंट! सॅल्यूट मला नसतो, खांद्यावरच्याला असतो. माझं तोंड आवडत नसेल तर खांद्याकडे बघा!" मुनी वळला, सावधान उभा राहिला, कडक सॅल्यूट केला. उशिरा.

मी खोलीत धावत आलो. "वा रे पठ्ठ्या! मी नुसता बोललो, तू करून दाखवलंस!"

तो बूट घासत होता. ब्रश थांबला. त्यानं मान पुरी वळवून माझ्याकडे बघितलं.

"तसं समज," म्हणाला.

आमचा मुनी असाच. दिवसाला चार वाक्यं. पण आतून निखारा!

२० फेब्रुवारी

दुसऱ्यांदा! पाहुण्या जनरलसाहेबांची झेंडा लावलेली गाडी बाजूनं गेली आणि हा सरळ चालत राहिला. झेंड्याच्या गाडीला सॅल्यूट हा तर पहिल्या आठवड्यातला धडा. कर्नलसाहेबांनी लेखी खुलासा मागितलाय. मुनीनं एकच ओळ दिली — "करावासा वाटला नाही."

मेसमध्ये दुसरा विषय नाही. मी प्रत्येक टेबलावर जाऊन बोललो. घसा बसला. माफी मागू नकोस, म्हणालो त्याला. अजिबात नाही!

"नाही मागणार," म्हणाला.

२७ फेब्रुवारी

काय लिहू.

दुपारी टेबल टेनिस खेळत होतो. समोरचा चेंडू तो तोफेसारखा परतवत होता, कडेचा सोडून देत होता. "हरायची हौस आहे का रे?" चिडलो मी. मग चहा आणला. त्याच्या कानाशेजारी कप धरून उभा राहिलो. तो समोर बघत म्हणाला, "आण की चहा, किती वेळ?"

कप त्याच्या खांद्याला टेकायचा बाकी होता.

मी दुसरा हात हळूच वर केला. त्याच्या डोळ्याच्या बाजूला बोटं हलवली. काही नाही. पापणीसुद्धा नाही.

"मुनी," म्हटलं, "तुला दिसत नाही."

"समोरचं दिसतं," तो म्हणाला. "डोळे तपासायच्या तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचतो. बाजू गेल्यात. नळीतून बघतोस ना, तसं. अंधार पडला की नळीही बंद."

कधीपासून? वर्ष झालं. दूरच्या गावी जाऊन खासगी डॉक्टरला दाखवलं. घराण्यातला आजार. मामाचे डोळे असेच गेले.

म्हणजे जिन्यापाशी त्याला मेजरसाहेब दिसलेच नाहीत. आणि मी काय म्हणालो? वा रे पठ्ठ्या!

२८ फेब्रुवारी

रात्रभर भांडलो. मी एकटाच.

"आजारपणात गेलास तर मानानं जाशील. पेन्शन मिळेल. असा गेलास तर उद्धट म्हणून हाकलतील!"

"धाकटा भाऊ अकादमीत आहे," तो म्हणाला. "शेवटची तपासणी राहिलीय. माझा आजार कागदावर आला की त्याच्या नावापुढे घराण्याचा रोग लागला. पुढचं कोण बघतो? त्याचे डोळे स्वच्छ आहेत. त्याच डॉक्टरकडून तपासून घेतलेत. त्याला सांगितलं, चष्म्याचा नंबर बघू."

"आणि तुझे जवान? रात्रीच्या सरावाला —"

"म्हणून तर चाललोय. मला आत राहायचंच नाहीये, भोंग्या. नीट जायचं दार बंद होतं — कारण विचारलं असतं, तपासणी झाली असती. तू दुसरं उघडलंस."

मी उघडलं! माझ्या भाषणानं!

"आता एक कर," म्हणाला. "आयुष्यात एकदा गप्प बस."

५ मार्च

चौकशी झाली. मला साक्षीला बोलावलं. मेजरसाहेबांनीच विचारलं, आणि आवाजात राग नव्हता — "तुम्ही त्यांचे मित्र. पोरगा असा नव्हता. दुसरं काही कारण आहे का?"

माणूस वाईट नाही. एक शब्द पुरे होता. जिभेवर होता.

मुनी समोर उभा होता. त्याच्या नळीत त्या क्षणी फक्त मी असणार.

"नाही, साहेब," म्हणालो.

शेरा वाचून दाखवला — 'उद्धट. अधिकारी होण्यास अयोग्य.' राजीनामा मागितला. त्यानं तिथेच सही केली.

हजार माणसांसमोर बोललोय मी. पण आज दोन शब्द बोललो आणि खाली बघत बाहेर आलो.

६ मार्च

मुनी सकाळी गेला. साधा शर्ट, हातात ट्रंक.

आमच्यात एकमेकांना सॅल्यूट करायची रीत नाही. लेफ्टनंट लेफ्टनंटला कसला करतो? तरी आज सगळे तरुण अधिकारी गणवेश चढवून फाटकाच्या रस्त्याला कडेनं उभे राहिले. कुणी सांगितलं नव्हतं. तो आला तसे सगळे हात एकदम वर गेले. असा सॅल्यूट जनरललाही मिळत नाही.

तो सरळ निघून गेला. एकाकडेही मान वळली नाही.

हात खाली आले. कुणीतरी म्हणालं, "बघा! आपल्यालाही नाही. मेजरसाहेब म्हणत होते ते खोटं नव्हतं." दुसरा म्हणाला, "घमेंडच होती साली. आपण उगाच डोक्यावर घेतला."

मी त्यांच्याच रांगेत होतो. कडेला. त्याच्या पुढ्यात जाऊन का उभा राहिलो नाही?

९ मार्च

समोरची खाट रिकामी.

वादसभेतून नाव काढून घेतलं. "भोंगा बिघडला," म्हणतात.

१८ नोव्हेंबर

माझ्या खांद्यावर तीन तारे झाले. आज एका ताऱ्याचा एक नवा पोरगा रुजू व्हायला आला. दारात सॅल्यूट केला. काय सुरेख हात! मीही परत केला, पुरा. चेहरा बघूनच ओळखलं होतं.

दार लोटून घेतलं त्यानं. "सर, एक विनंती होती. तुम्ही दादाबरोबर राहत होता ना? मी त्याचा भाऊ आहे हे इथे कुणाला कळू देऊ नका. घरीही मी त्याच्याशी बोलत नाही. ज्याला सॅल्यूटची लाज वाटली, त्याची मला वाटते."

मी "बरं" म्हणालो. दुसरं काय म्हणणार! शब्द दिलाय.

तो गेल्यावर दार लावून घेतलं. त्याला सांगायचं ते इथे सांगतो — पोरा, सुट्टी मिळाली की घरी जा. गणवेश घालून जा. दिवसाउजेडी, दादाच्या अगदी पुढ्यात उभा राहा, आणि त्याच्या रिकाम्या खांद्याला सॅल्यूट कर.