अडलेले नट

बाबा,

नट आधी बोटांनी फिरला पाहिजे, अडला तर पाना नक्को, असं तुम्ही बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. काल पाण्यात चालणाऱ्या त्या आठचाकी गाडीला चाकं बाहेर सरकवणारे स्पेसर मीच बसवले. नट अडत होते, तरी पान्याने आवळले. आत्ता स्पेसरच्या खोक्यावरचं वाचलं. गाडीचे स्टड, म्हणजे नट चढतात ते दांडे, बारा एमएमचे, नटही बारा, पण आटे वेगळे आहेत. चाक कधीही निखळेल.

अनिरुद्ध ओवीला कडेवर घेऊन तळ्यावर गेलेत, गाडी पाण्यात उतरवून बघायला. परवाच्या भांडणापासून माझा फोन ते उचलत नाहीत. मी तारनाक्यावरून ऑटो पकडते. तुम्ही फोन घरी ठेवून फिरायला गेलात, म्हणून चिठ्ठी त्याच्याखाली ठेवलीय. आल्याबरोबर त्यांना लावा, तुमचा उचलतील. ओवी गाडीत बसलेली नाही ना, तेवढं आधी विचारा.

स्वप्ना