ईदच्या आत मोकळ्या

१० रमजान
दक्षिणेतल्या कनाहून इजिप्तच्या पार उत्तरेला, दमनहूरला पोचले. दवाखान्याच्याच वरच्या मजल्यावर खोली मिळाली, बाल्कनीत ऊन येतं. नवरा कुवेतला, मला सातवा महिना. अशा वेळी नोकरी एका जिन्यावर असणं म्हणजे चैनच. उम्म हानी, इथली जुनी आया, मुलुखियाची भाजी घेऊन आली. म्हणाली, कनाच्या बायका हट्टी असतात म्हणे, बघू आमची सुईणबाई कशी निघते. मी खूश आहे.

१४ रमजान
आल्यापासून एकही बाई आपणहून बाळंत झाली नाही. सगळ्यांची पोटं कापली. डॉ. रुश्दींची कारणं ठरलेली: नाळ गळ्याभोवती, पाणी कमी, कंबर अरुंद. अख्ख्या गावाची कंबर अरुंद कशी हो? वर सासवाच म्हणतात, डॉक्टर, ईदच्या आत मोकळी करा हिला, सणात कोण धावपळ करणार! कालचं बाळ अपुऱ्या दिवसांचं, श्वास घेताना कण्हतंय. काचेच्या पेटीत ठेवलंय. त्याच्या आईला काय सांगू? माझं डोकं फिरतं नुसतं.

१९ रमजान
मागे बाळंतपणाची खोली आहे, कायम कुलूपबंद. भांडून किल्ली घेतली, खोली घासूनपुसून काढली. उम्म हानी उंबऱ्याबाहेरच थांबली. म्हणाली, पोट आधीच फाडलं म्हणून कळा थोड्याच चुकतात, बाई? त्या इथं येऊन बसतात. पोटुशीनं आत जाऊ नये. मी हसले आणि दार उघडंच ठेवलं.

२३ रमजान
भरदुपारी त्या खोलीतून कण्हणं ऐकू आलं. आत कोणी नव्हतं. खाटेची दांडी मात्र हाताला गरम लागत होती, आत्ताच कोणी गच्च धरून सोडल्यासारखी. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, तुम्हा दक्षिणेकडच्या सईदी लोकांना चहाच्या किटलीतही जिन दिसतो. सगळे हसले.

२७ रमजान
ईदची घाई. बायकांची रांग लागलीय. इकडे एकीला कापलं की मागच्या खोलीत कोणीतरी ओरडतं. दर वेळी. सगळ्यांना ऐकू येतं, सगळे माना खाली घालतात. आज त्या ओरडण्यासरशी माझं पोट दगडासारखं झालं.
डॉक्टरांनी तपासलं. बाळ आडवं आहे; फिरेल, म्हणाले, ईदनंतर बघू. या माणसाला सगळ्यांना कापायची घाई, नेमकी माझ्याच बाबतीत नाही.

२९ रमजान
खोलीला पुन्हा कुलूप लावलं. उपयोग नाही. कळा येतात — थांबतात — मग वेगळ्याच येतात, दुसऱ्या कोणाच्या तरी. डॉक्टर सहकुटुंब समुद्रावर गेले.

ईद
दवाखाना रिकामा. भूल देणारा गावी गेलाय. उम्म हानीनं सगळ्यांना फोन लावले. सणाच्या शुभेच्छा देतात आणि विचारतात, ईदच्या दिवशी कसलं गं बाळंतपण? ती तुकतुक रिक्षा शोधायला धावलीय, सरकारी रुग्णालयात न्यायला —
या माझ्या कळा नाहीत. एकीची संपत नाही तोच दुसरीची —

अंगावरून पाणी गेलं. चाचपून पाहिलं. बाळाचा हात बाहेर आलाय. नुसता हात.
मी सुईण आहे. मला कळतंय याचा अर्थ. असं बाळ आपणहून येत नाही. कापायलाच हवं, आत्ता, कोणीतरी मला काप —