दिपेशला पायी चालवणार

३ मार्च २०२५, सकाळ
आजपासून सगळं लिहून ठेवायचं. कोर्टात उपयोगी पडेल. ९ फेब्रुवारीला रेवदंडा नाक्यावर मी कलिंगड निवडत उभा होतो. मागून गावातल्याच दिपेशचा मासळीचा टेम्पो आला. कलिंगडं वाचली, माझा उजवा गुडघा गेला. आत रॉड. डॉक्टर म्हणतात, ऑगस्टच्या आत दुसरं ऑपरेशन, नाहीतर गुडघा वाकणार नाही. खर्च एक लाख दहा हजार. आणि मला दिवाळीनंतर बाइकवर गोकर्णला जायचंय.
निश्चय : इन्शुरन्सकडून दहा लाख. दिपेशची माफी, नाक्यावर, सगळ्यांसमोर.

६ मार्च
अलिबागला प्रणाली वकीलबाईंकडे गेलो. टेम्पोचा इन्शुरन्स २९ जानेवारीलाच संपलाय. अकरा दिवस! कंपनी रुपया देणार नाही. दावा दिपेशवर लावता येईल, पण त्याच्याकडे टेम्पोशिवाय आहे काय, म्हणाल्या. निकालाला तीन-चार वर्षं धरा. डॉक्टरांचे कागद सोमवारी आणा.
दहा लाख गेले. आता फक्त सूड.

१० मार्च, सोमवार
कागद घेऊन निघालो. रिक्षात एक जण म्हणाला, किल्ल्याच्या तटाखाली जुनी नाणी सापडतात. उतरलो. सापडलं : बाटल्यांची झाकणं, चौदा. एक खूप जुनं वाटतंय. कागद तिथेच राहिले.

११ मार्च
कागद मिळाले. अर्धे बकरीने खाल्लेत. हेही दिपेशच्या नावावर.

२२ मार्च, संध्याकाळ
दिपेश आणि त्याची बायको भाविका घरी आली. भाविका म्हणाली, दादा, माझ्या पाटल्या मोडते, एक लाख दहा हजार होतील, ऑपरेशन करून टाका. दिपेश खाली बघत होता. मस्त वाटलं. मी म्हणालो, पाच लाख. तो म्हणाला, पाच लाख असते तर इन्शुरन्स भरला नसता व्हय? उत्तर बरोबर होतं, म्हणून जास्तच राग आला.
ती दोघं गेल्यावर मनुआत्या (मी तिच्याकडेच राहतो, तात्पुरता, चार वर्षं) म्हणाली, मेल्या, गुडघा तुझा की त्याचा? गप पैसे घे नि पाय नीट कर. आत्याला कायदा कळत नाही. त्यांनी आणलेले बोंबील मात्र तिने तळले. निषेध म्हणून मी सहाच खाल्ले.

३ एप्रिल, पहाटे
सुचलं! पैसे नकोतच. टेम्पोच घ्यायचा. दिपेश पायी, मी टेम्पोत. मागे गादी, शेगडी, पंखा. गोकर्ण टेम्पोनेच. ऑपरेशन टेम्पोच्या कमाईतून.

७ एप्रिल
दिपेशला बजावलं. टेम्पो दे, नाहीतर कोर्ट. तो म्हणाला, भावा, गाडीवर फायनान्सचे हप्ते हायत, अजून दोन वर्सांचे. मी म्हणालो, हप्ते तू भर, गाडी मी घेतो. तो म्हणाला, गाडीच न्हाय तर भरू कुठून? मी म्हणालो, ते तुझं तू बघ. काय बोललो! म्हणून तर लिहून ठेवतोय.
वकीलबाई फोनवर म्हणाल्या, कर्जातली गाडी घेऊ नका, पाटल्यांचे पैसे घ्या. बाई दिपेशच्या नात्यातल्या आहेत का, तपासणे.

१५ एप्रिल
कोर्टाच्या धाकाने दिपेश तयार झाला. स्टॅम्पपेपर केला : टेम्पो माझा, हप्ते त्याचे. मजकूर मीच सांगितला. शेवटचं वाक्य खास माझं : 'यापुढे दिपेशकडून माझे काहीही येणे राहिले नाही.' टायपिस्टने ते दोनदा विचारून घेतलं. चावी घेतली. दिपेश चालत घरी गेला. वळणापर्यंत बघत राहिलो.

२ मे
टेम्पो दिपेशच्याच दारासमोर लावलाय. रोज बघू दे. अडचण एकच : गुडघा वाकत नाही, ब्रेक दाबता येत नाही. त्यामुळे तिथे लावायलाही दिपेशलाच बोलवावं लागलं. भाविकाने हौद्यात जवळा वाळत घातलाय. नोटीस पाठवणार.

२६ मे
ड्रायव्हर शोधतोय. इन्शुरन्स नाही म्हटल्यावर कोणी बसायला तयार नाही. लोक फार कायदेशीर झालेत. कमाई शून्य.

१८ जून
फायनान्सचे दोघे आले. तीन हप्ते थकलेत. मी स्टॅम्पपेपर पुढे केला : हप्ते दिपेशने भरायचेत. एकाने वाचला, दुसऱ्याला वाचायला दिला, मग फोटो काढून कुणाला तरी पाठवला. दोघं बराच वेळ हसत होते. चावी घेतली. गल्ली अरुंद, त्यांना टेम्पो निघेना. शेवटी दिपेशनेच काढून दिला. आत्याने त्यांना चहा पाजला.

१९ जून
दिपेशकडे गेलो. सहज. पाटल्यांचं काय ठरलं, विचारलं. भाविका म्हणाली, मोडल्या की मे महिन्यात. घर चालवायला. टेम्पो तुमच्याकडं व्हता ना, दादा.
वकीलबाईंना फोन. म्हणाल्या, काही येणे नाही, हे तुम्हीच लिहून दिलंय. त्यावर मी काय करू?
विचार चालू आहे.

११ ऑगस्ट
अलिबागला डॉक्टरांकडे. म्हणाले, उशीर झाला. आता ऑपरेशन करूनही वाकेलसं वाटत नाही. काठी घ्या.
एसटी चुकली. स्टँडबाहेर एक टेम्पो थांबला. आत दिपेश. दुसऱ्याच्या गाडीवर पगाराने लागलाय. म्हणाला, चल भावा, गावातच चाललोय. केबिनमध्ये पाय मावेना. त्याने मागची फळी खाली पाडली, मला काखेत धरून चढवलं, बर्फाच्या पेटीवर गोणपाट टाकलं. घरापर्यंत पाय सरळ ठेवून बसलो.
भाडं दिलं नाही. अजिबात दिलं नाही.
त्याने मागितलंही नव्हतं.