‘निष्णात’ हा शब्द नाकबूल

ता. १२ जुलै. सकाळी कोर्ट, दुपारी ऑफिस, सहाला घरी.

ती. ताईस नमस्कार.

तुझी पाठ आणि भाऊजींचा गुडघा आता बरा असेल, असं धरून चालतो. मी ठीक आहे. (जेवतो.)

ही गेल्यापासून मी कोर्टात फक्त पुढच्या तारखा मागितल्या. न्यायाधीशही आता मी उभा राहिलो की कॅलेंडर उघडतात. आमच्या भागीदारांनी (तू ज्यांना ‘टायवाले’ म्हणतेस ते) हळूच सुचवलं, की आता घरी आराम करावा, नाहीतर एखादी केस तरी लढवावी. नव्या वेबसाइटसाठी माझा परिचयही त्यांनीच लिहिला आणि तपासायला पाठवला. व्यापारी वाद आणि पर्यावरणाच्या खटल्यांत निष्णात, पूर्वी कारखान्यांचे वकील, आता प्रदूषणाने गांजलेल्यांचे, स्वभाव मनमिळाऊ. त्यांनी परिच्छेदांना आकडे घातले, तिथेच घात झाला. आकडे घातलेला कागद समोर आला की मी लेखी जबाब देतो, इतक्या वर्षांत हाताला तेवढंच वळण लागलंय. मी लिहिलं: परिच्छेद एकमधील ‘निष्णात’ हा शब्द नाकबूल. परिच्छेद दोन अंशतः कबूल. परिच्छेद तीनमधील मनमिळाऊपणाबद्दल या इसमास माहिती नाही, तो लिहिणाऱ्याने सिद्ध करावा. टायपिस्टने हेच अंतिम समजून माझ्या फोटोखाली छापलं. टायवाले दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. (मला बरं वाटलं.)

आज ओढ्याकाठच्या वस्तीतली माणसं आली. वर कापड रंगवण्याचा कारखाना आहे, त्यामुळे ओढा कधी निळा, कधी लाल. त्यांच्या पुढारी एक निवृत्त नर्सबाई. वेबसाइट वाचूनच आल्या होत्या.

“आधी कारखान्यांचे होतात ना?”

“अंशतः.”

“मग त्यांच्या खोड्या ठाऊक असतील.”

“काही मीच शिकवल्यात.”

“आणि निष्णात नाही म्हणता?”

ते चुकून छापलं गेलं, असं मी सांगू लागलो. “राहू द्या,” बाई म्हणाल्या. “दुसऱ्या वकिलांना सगळंच येतं, असं लिहिलंय. आम्हाला तिथंच शंका आली.” आणि वकीलपत्रावर सही करून मोकळ्या झाल्या. गुरुवारी सुनावणी आहे. कारखान्याचं पाणी तूर्त बंद करा, असा अर्ज मांडायचाय. या खेपेला तारीख मागून चालणार नाही.

बाकी क्षेम.

तुझा भाऊ

ता. क. सुनावणीच्या आदल्या दिवशी ही जेवणाच्या टेबलाशी भाजी निवडत न्यायाधीश व्हायची. कायदा ऐकायची नाही, मी लांबण लावली की नुसतं “पुढे” म्हणायची. ताई, बुधवारी येशील? भाजी मी आणून ठेवतो.

आणखी एक. फोनवर विचारू नकोस. फोनवर मी ‘गरज नाही’ म्हणेन आणि तू ते खरं धरशील.

आता काळा कोट इस्त्री करायला घेतो. ही करायची तेव्हा आधी कॉलर की बाह्या, ते कधी पाहिलं नाही. कॉलरपासून सुरू करतो.