नावाला कंस

बाबा, गेल्या पावसाळ्यात नाल्याचं पाणी मळ्यात शिरलं ते निघायचं नावच घेईना. पानपिंपळीचे वेल मुळापासून सडले. लहानपणी मी चप्पल घालून मळ्यात आले म्हणून तुम्ही मला बांधावरूनच हाकललं होतं, आठवते? पंचनाम्याला आलेला माणूस बुटासकट आत शिरला, तर आईनं त्यालाही तसंच परत बांधावर काढलं. बिचारा बूट हातात घेऊन चिखलात फिरला. लिहून मात्र नीट नेलं.

मग ग्रामपंचायतीच्या भिंतीवर अनुदानाची यादी लागली. आता सगळं उघड असते म्हणे, कोणाला काय मिळालं ते कोणीही वाचावं. वाचलंच लोकांनी. यादीत तुम्ही होते. सातबारा अजून तुमच्याच नावावर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी आईनं तो बदलू दिला नाही. नावापुढं लिहिलेलं, केवायसी बाकी. चावडीवर हसू सुरू झालं, की हिचा बाप आता अंगठा द्यायला येते का. केवायसी करणाऱ्या केंद्रावरचा पोरगा तर सरळ म्हणाला, ज्याचं नाव त्यालेच आणा. मला इतका संताप आला की म्हटलं, चाल मग मोक्षधामात, मशीन घेऊन.

तलाठ्यानं मार्ग सांगितला. तुमच्या नावाला कंस करायचा आणि खाली आम्हा वारसांची नावं चढवायची. मी घरी येऊन तेच शब्द सांगितले. आई भाकर थापून राहिली होती, तिचा हात थांबला.

"माह्या मालकाले कंस काहून म्हनते तो?"

मला हसू आलं, बाबा. ती कृष्णाचा मामा समजली होती. मी बोटानं पिठात दोन रेघा काढून दाखवल्या, मध्ये नाव राहते, फक्त ते आता धरायचं नाही. तेव्हा ती रडली. म्हणाली, "एकडाव त्याईले जाळून आलो आपन. आता सातबाऱ्यावरूनबी उचलतं का?" मी तिच्याशी भांडले. म्हटलं, नवे वेल लावायचे आहेत, हा पैसा गेला तर मळा पडीत जाईल, तुमचा मळा. त्या एका शब्दावर ती तयार झाली. अंगठा देऊन आली आणि त्या दिवशी जेवली नाही.

फेरफार होता होता हिवाळा गेला. नवीन यादी लागली, त्यात तुम्ही नाही आणि आम्हीही नाही. मी तलाठ्याला जाब विचारला. तो वाईट माणूस नाही, चहा मागवला त्यानं. म्हणाला, "ताई, पंचनामा मयताच्या नावानं हाय. मयताले देता येत नाही. अन् वारसाईच्या नावानं पंचनामा झालेलाच नाही न." मी त्याला भिंतीवरची पहिली यादी दाखवली. तो म्हणाला, ती जुनी झाली.

अर्ज करून ठेवला आहे. त्याचं काय होते ते मला दिसतेच आहे. मळ्यात गवत कमरेला लागलं.

आई रोज विचारते, पैसे आले का. मी सांगते, सर्वर बंद आहे. तिला सर्वर म्हणजे कोणी साहेब वाटते, ती त्याच्या तब्येतीची चौकशी करते. तुमचं नाव गेलं आणि हाती काहीच आलं नाही, हे तिला सांगायची माझी हिंमत होत नाही. म्हणून तुम्हाला लिहून राहिले.